बी बटणाचा अंगारा

मे महिन्याची दुपार, सांगलीतलं बहिणीचं घर आणि नेमाने जाणारी वीज. भाचा गॅलरीत पालथा पडून मोबाइलवर पोकेमॉन खेळत होता. खेळ जुना, २००४ सालचा ‘फायररेड’. मूळचा गेमबॉय ॲडव्हान्सवरचा, पण ते यंत्र आपल्याकडे हातात धरलेली माणसं किती असतील? आपल्याकडे हा खेळ इम्युलेटरवरच, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवरच जगला. भाच्यासमोर झॅपडॉस होता, ओसाड पॉवर प्लांटमध्ये ठाण मांडून बसलेला विजेचा पक्षी. बाहेर वीज नाही आणि मोबाइलच्या पडद्यावर ती मावत नाही, असा सगळा प्रकार. पक्ष्याच्या लाइफची पट्टी लाल करून ठेवलेली, त्याला झोपवलेलं, पिशवीत त्याला पकडायला तीस अल्ट्रा बॉल. एकेक करत तिसावाही फुकट गेला. तेविसावा तर तीनदा हलला होता. पोराने श्वास रोखून धरला आणि पक्षी बॉल फोडून बाहेर. मोबाइल उशीवर आपटून तो म्हणाला, “मावशी, हा गेम चीटिंग करतो.”

शेजारच्या मित्राने लगेच निदान केलं, “तू बी दाबून धरलं नाहीस. बॉल बंद होताना बी दाबायचं असतं.”

दाजी पेपरातून डोकं बाहेर न काढता म्हणाले, “नशिबाचा खेळ आहे रे तो. लॉटरी. त्यात कसलं डोकं चालवायचं?”

दोन मिनिटांत तीन मतं. तिन्ही एकमेकांना छेद देणारी, आणि तरी तिघंही माना डोलावत होते. गेम चीटिंग करत असेल तर त्यात नशीब कुठून आलं? नशीबच असेल तर बी दाबून काय होणार? आणि बी दाबून काम होत असेल तर चीटिंग गेमने केलं की आपण? पण असल्या शंका काढणाऱ्या माणसाला घरात ‘तुझं आपलं काहीतरीच’ म्हणतात, म्हणून मी तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही. कारण हीच तीन वाक्यं मी २००५ मध्ये सायबर कॅफेत ऐकली, २०१६ मध्ये ऑफिसातल्या इंजिनिअर झालेल्या माणसांकडून ऐकली, आणि आता पुढची पिढीही तोच वारसा चालवताना दिसते आहे. मी विम्याच्या धंद्यात आहे. कुणाला काय होण्याची शक्यता किती, याचे हिशेब करून माझं पोट चालतं. शक्यतेला कुणी लबाडी म्हटलं की मला ते वैयक्तिक लागतं.

आधी विरोधी पक्षाचं म्हणणं त्याच्या पूर्ण जोरात मांडते, नंतर कुणी म्हणायला नको. ते असं: पोकेमॉन अर्धमेला झालाय, गाढ झोपलाय, बॉल भारीतला आहे, तीस वेळा टाकलाय, तरी तो सुटतो. बरं, सुटतो तोही तिसऱ्यांदा हलल्यावर, म्हणजे मुद्दाम चिडवून. म्हणून आत कुठेतरी ठरवून ठेवलेलं असणार की याला इतक्यात पकडू द्यायचं नाही. यावर उपाय दोनच, एक तर मंत्र शोधा, नाहीतर कपाळाला हात लावा.

ऐकायला सुसंगत वाटतं. एकच अडचण आहे. पकडण्याचा नियम काय, हे यातल्या एकालाही ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घ्यावंसंही वाटत नाही. रमीत तेरा पानं असतात हे माहीत नसताना पत्ते पिसणाऱ्यावर आरोप करण्यातला हा प्रकार आहे.

तर नियम. प्रत्येक पोकेमॉनला खेळाने एक आकडा चिकटवलेला असतो, तो किती सहज हाती लागतो त्याचा. सगळ्यात सोपा २५५. गवतातली कॅटरपी अळी, पिजी, मॅजिकार्प मासा, ही सगळी २५५ वाली जनता. पिकाचू १९०. सुरुवातीला मिळणारे बल्बासॉर, चार्मँडर, स्क्वर्टल ४५. वाटेत आडवा झोपणारा स्नॉरलॅक्स २५. आणि झॅपडॉस, म्यूटू यांच्यासारखी बडी मंडळी ३. दोनशे पंचावन्न आणि तीन! पोरांच्या डोक्यात मात्र दोघांची पट्टी एकच असते, ‘लाल झाला की येतो’.

लाल झाल्याने होतं काय? ‘फायररेड’च्या पिढीतल्या खेळांत लाइफ पूर्ण भरलेलं असताना हा आकडा एक तृतीयांशच धरतात. लाइफ जसं कमी होईल तसा तो वाढत जाऊन पूर्ण आकड्याजवळ पोहोचतो. म्हणजे घाम गाळून, चुकून मरू न देता, एका ठिपक्यावर आणून ठेवलेल्या पक्ष्याचं फळ किती? तिप्पट. तिपटीच्या वर काही नाही. साध्या बॉलऐवजी अल्ट्रा बॉल घेतलात की दुप्पट. झोपवलंत की आणखी दुप्पट. पॅरलाइज केलंत, म्हणजे झटका देऊन लुळा केलात, तर दीडपट. लाइफवर जीव टाकणारी पोरं झोपेकडे दुर्लक्ष करतात ते इथे. मी भाच्याचा खेळ नंतर थोडा पाहिला. झॅपडॉसच्या नावाशेजारी ‘एसएलपी’ ही झोपेची खूण होती, तीन बॉलनंतर ती गेली, आणि हा पठ्ठ्या पुढचे चार बॉल टक्क जाग्या पक्ष्यावर टाकत बसला. झोप उडते, रे बाबा. ती काही ठरावीक डावांपुरतीच असते. त्याच्या तीस बॉलपैकी निदान नऊ असे जाग्यावर गेले असतील, असा माझा अंदाज.

आता हे गुणाकार करून पाहू. पूर्ण ताजातवाना झॅपडॉस आणि साधा पोकेबॉल असेल तर सुमारे अडीचशे बॉलमागे एकदा यश. तोच लाल पट्टीचा, झोपलेला आणि अल्ट्रा बॉल असेल तर सुमारे ४.४ टक्के, म्हणजे सरासरीने तेवीसेक बॉलमागे एकदा. जागा झाला की २.१ टक्के. खेळ मधले अपूर्णांक निर्दयपणे उडवतो म्हणून आकडे असे वेडेवाकडे येतात. एका पायरीवर त्यात आपलं नुकसान होतं, पुढच्या पायरीवर थोडं भरून निघतं. पण इतका हिशेब करायला दहावीचं गणित पुरतं.

या आकड्यांनी तीस बॉल टाकून हात हलवत परतण्याची शक्यता किती निघते? झॅपडॉस सगळा वेळ झोपलेला असला तरी चारांत एक. माझ्या भाच्यासारखा नऊ वेळा जागा राहिला तर जवळजवळ तिघांत एक. चाळीस पोरांच्या वर्गात सगळ्यांनी सगळं नीट केलं तरी दहाएक पोरं झॅपडॉसविना घरी जातील. हे दहा जण दुसऱ्या दिवशी ‘चीटिंग, चीटिंग’ करत शाळा डोक्यावर घेतील. उरलेले तीस काय म्हणतील? काही नाही. ज्याला मिळालं तो कशाला बोलेल? आणि या गोंगाटातून पुढे जे उरतं त्याला आपण ‘सगळ्यांचा अनुभव’ म्हणतो.

एक प्रश्न मला भाच्याला विचारायचा होता, तो इथे विचारते. पूर्ण लाइफ असलेल्या कॅटरपीवर साधा पोकेबॉल टाकला तर ती येण्याची शक्यता फक्त तिघांत एक आहे. तू खेळाच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच बॉलला ती पकडलीस आणि घरभर नाचलास. तेव्हा गेमने तुझ्या बाजूने चीटिंग केलं असं तुला का वाटलं नाही?

आता तिसऱ्या हेलकाव्याकडे येऊ. सगळा राग मुळात त्याचाच असतो. बॉल एकदा हलतो, दुसऱ्यांदा हलतो, तिसऱ्यांदा हलतो, आणि सुटतो. ‘प्रत्येक वेळी तिसऱ्यालाच!’ या तक्रारीत तथ्य आहे. पण तक्रारदाराला वाटतं त्याच्या बरोबर उलट्या अंगाने.

या पिढीच्या खेळांत पकडण्याची परीक्षा एक नसते, चार असतात. चौघींची काठिण्यपातळी सारखीच. पहिलीत नापास झालात तर बॉल न हलताच फुटतो. एक पास, एकदा हलतो. दोन पास, दोनदा. तीन पास, तीनदा. चारही पास झालात तर टक् आवाज आणि पक्षी तुमचा. झोपलेल्या झॅपडॉससाठी यातली प्रत्येक परीक्षा पास होण्याची शक्यता साधारण ४६ टक्के. म्हणून शंभर बॉल टाकले तर चोपन्न-पंचावन्न वेळा तो हलणारच नाही. तीनदा हलून सुटण्याचे प्रसंग पाचाच्या किंचित वर येतील, आणि पकडला जाण्याचे साडेचारच्या आत. पुन्हा वाचा. तीनदा हलून निसटणं हे सापडण्यापेक्षा जास्त वेळा घडलंच पाहिजे. तसं घडलं नसतं, तीनदा हललेला प्रत्येक पक्षी मुकाट आत बसला असता, तर मी स्वतः म्हटलं असतं की आकड्यांत गडबड आहे. तुम्ही ज्याला लबाडीचा पुरावा म्हणता तोच खेळाच्या सचोटीचा दाखला आहे. आणि न हललेले ते पंचावन्न बॉल? त्यांची आठवण कुणाला राहते? आपण तीनदा हललेले तेवढे मोजतो.

हां, एक कबूल. तो हेलकावा म्हणजे निव्वळ नाटक आहे, आणि उत्तम नाटक आहे. बॉल एकदा हलून थांबतो त्या अर्ध्या सेकंदात पोरं देव आठवतात. पण नाटक करणं आणि फसवणं यातला फरक आपल्याला नवा नाही. पाकीट फोडून विजेत्याचं नाव वाचण्याआधी निवेदक उगीच पॉज घेतो, तेव्हा आत लिहिलेलं नाव बदलत नसतं.

इथून थेट बी बटणावर येता येतं. पकडण्याचा निकाल नेमका कधी लागतो? बॉल हलताना नाही. बॉल टाकायचा असं तुम्ही ठरवून बटण दाबलं की खेळ आधी सगळे हिशेब करतो, चारही परीक्षा एका दमात घेतो, त्यातून ‘किती वेळा हलवायचं’ हा एक आकडा काढतो आणि तो चित्रं हलवणाऱ्या विभागाकडे पाठवतो. मग बॉल हवेत जातो. बॉल पक्ष्यावर आदळायच्या आधीच तुमचं भवितव्य पक्कं झालेलं असतं. १९९६ सालच्या अगदी पहिल्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’मध्येही क्रम हाच, आधी निकाल, मग देखावा. आता बॉल हलताना बी दाबा, ए दाबा, खालचा बाण आणि बी दोन्ही दाबा, नाहीतर मोबाइल कपाळाला लावा. दहावीचा निकाल बोर्डाने केव्हाच लावलेला असतो. दुपारी एक वाजता वेबसाइट उघडत नाही म्हणून तुम्ही एंटर बडवता. बडवण्याने पान उघडायला मदत होते की नाही हा वेगळा वाद, पण गणितातले मार्क वाढल्याचं कुणाच्या ऐकिवात आहे का?

या अंगाऱ्याचं आमच्या कॅफेतलं रूप फारच गमतीचं होतं. तासाला पंधरा रुपये, चार कॉम्प्युटर, आणि गेमबॉयची बटणं नाहीत म्हणून कीबोर्ड. ए म्हणजे झेड, बी म्हणजे एक्स. पण खेळाडूंच्या परंपरेत मंत्र ‘बी’चा होता. त्यामुळे अर्धी पोरं इमानेइतबारे कीबोर्डवरचं बी दाबायची, जे खेळाला जोडलेलंच नव्हतं. उरलेली एक्स दाबायची. दोघांनाही तेवढाच गुण यायचा आणि दोघांचीही श्रद्धा तितकीच पक्की होती. एका कीबोर्डवरच्या एक्सचं अक्षर पुसून गुळगुळीत झालं होतं. कॅफेवाले काका ओरडायचे, आम्ही म्हणायचो, “काका, त्याशिवाय मासा येत नाही.” मासा म्हणजे मॅजिकार्प, ज्याचा आकडा २५५. तो कशानेही येतो.

श्रद्धा टिकते ती तिथेच. तुम्ही बी दाबता ते प्रत्येक वेळी. खेळात पकडायचे बहुतेक पोकेमॉन सोपे. ते आले की श्रेय बीला. अवघड एखादा सुटला की ‘टायमिंग चुकलं’. कावळा बसल्याने फांदी मोडली, असं म्हणणाऱ्याला निदान एकदा तरी मोडलेली फांदी दाखवावी लागते. इथे कावळा बसूनही फांदी मोडली नाही, तर कावळा नीट बसला नाही! अशा मताचं तुम्ही काय वाकडं करणार?

यावर एखादा शहाणा म्हणेल, आणि मला असे शहाणे आवडतात, की कॉम्प्युटरचं रँडम खरं रँडम नसतं. बरोबर आहे. या खेळात एक मोठा आकडा असतो. ठरावीक संख्येने गुणून आणि ठरावीक संख्या मिळवून त्यातून पुढचा आकडा निघतो, आणि सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलणाऱ्या पडद्याच्या प्रत्येक चित्रासरशी ही साखळी पुढे सरकते. याच पिढीतल्या ‘एमरल्ड’ खेळात तर ती प्रत्येक वेळी शून्यापासून सुरू होते. म्हणजे नेमक्या क्षणी बॉल टाकण्याचं बटण दाबलं तर हवा तो निकाल मिळवता येतो. सेकंदाचा साठावा भाग साधण्यासाठी घड्याळ लावून बसणारी माणसं आहेत आणि त्यांना ते साधतं. त्यांना माझा दंडवत. पण ती काय करतात ते बघा. ती आधी आकडा काढतात, गणित मांडतात, चुकलं तर किती चित्रांनी चुकलं ते मोजतात, आणि बटण दाबतात ते बॉल टाकण्याआधी. बॉल टाकल्यानंतर ती चहा पितात. बी-पंथीयांचा आणि त्यांचा संबंध पंचांग काढणाऱ्याचा आणि पोपटवाल्याचा असतो तेवढाच.

‘पण खेळात चुका नसतात का?’ असतात की. ढीगभर आहेत. पहिल्या ‘रेड’मध्ये झॅपडॉसला न झोपवता बॉल टाकला तर तो पकडला जाण्याचे मोजके प्रसंग सोडता दर वेळी बॉल नेम चुकून बाजूला गेल्याचा संदेश यायचा. नेम वगैरे त्या खेळात काही नाहीच! शक्यता फार कमी असली की दाखवायचं ते वाक्य होतं. त्या एका वाक्याने जगभरच्या पोरांना वाटलं की नेम धरायचा असतो, आणि बटणांचे निम्मे मंत्र तिथूनच जन्मले असावेत असा माझा संशय आहे. त्याच खेळात साध्या किंवा अल्ट्रा बॉलसाठी लाइफ एक तृतीयांशावर आलं की त्याखाली उतरवण्याचा काडीचा फायदा नव्हता, आणि ग्रेट बॉलला तर निम्म्यावरच पुरेसं होतं. एका अख्ख्या पिढीने शेवटचा ठिपका उरवण्याच्या नादात किती पक्षी बेशुद्ध पाडले असतील, देव जाणे.

आणि १९९९ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आलेले ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ म्हणजे चुकांचं प्रदर्शनच. तिथे कर्ट नावाचा म्हातारा कारागीर आहे. झाडाची रंगीत फळं त्याच्याकडे नेऊन दिली की एक दिवस थांबायचं, मग तो खास बॉल घडवून देतो. मून बॉल चंद्रशिलेने रूप बदलणाऱ्या क्लेफेरीसारख्यांवर चौपट चालणार होता. कोडमध्ये चंद्रशिलेऐवजी भाजल्यावर लावायच्या औषधाचा क्रमांक तपासला जातो, म्हणून तो कुणावरच जास्त चालत नाही. पळपुट्यांसाठीचा फास्ट बॉल अख्ख्या खेळात फक्त तिघांवर चालतो. आपला आणि समोरचा पोकेमॉन एकाच जातीचे नर-मादी असतील तर आठपट चालायचा लव्ह बॉल उलटा लिहिला गेला, तो नर-नर किंवा मादी-मादी असतील तेव्हा चालतो. पॅरलाइज केल्याने मिळायचा फायदा तर लागूच होत नाही. इतक्या ढळढळीत चुका! पोरांनी एकेक दिवस थांबून मून बॉल घडवून घेतले, क्लेफेरीवर टाकले, आणि शपथेवर सांगितलं की बघ, मून बॉल लगेच लागला.

आता मला सांगा, यातली एक तरी चूक ‘अनुभवा’ने पकडली का? ‘गेम चीटिंग करतो’ म्हणणाऱ्या हजारो तोंडांतून एकदा तरी निघालं का, की बाबांनो, हा मून बॉल साध्या बॉलसारखाच वागतोय? नाही. ज्या लोकांनी खेळाचा कोड उलगडून ओळ न् ओळ वाचली, त्यांनी या चुका शोधल्या. गेम जिथे खरोखर चुकत होता तिथे तुमचा अनुभव खूश होता, आणि जिथे तो नियमाने वागत होता तिथे तुम्ही बोंब मारलीत. अंगण वाकडं असतं कधीकधी. पण ते वाकडं आहे हे गवंडी सांगतो, पडलेला नाचणारा नाही.

राहिले दाजी. त्यांचं मत सगळ्यात सभ्य आणि म्हणून सगळ्यात आळशी. ‘सगळं नशीब’ म्हटलं की विचार करायची जबाबदारी संपते. अहो दाजी, अडीचशेत एकापासून तेविसात एकापर्यंत, म्हणजे दसपटीहून जास्त, ही वाट पोराने स्वतः चालायची असते. झोपवणारा गडी आधी कमवायचा, अल्ट्रा बॉल खेळातल्या पैशाने प्रत्येकी १२०० ला विकत घ्यायचे, झोप उडाली की पुन्हा झोपवायचं, घाईत पक्षी मारायचा नाही. लॉटरीच्या तिकिटावर तुम्ही यातलं काय करू शकता? तिकीट कमी लाइफवर आणता येतं का? आणि लॉटरीवाल्याचं पोट तुमच्या हरण्यावर चालतं. ‘फायररेड’चे पैसे एकदाच मोजायचे होते. झॅपडॉस निसटला म्हणून त्या कंपनीला चार आणेही जास्त मिळत नव्हते. मग तिने लबाडी कशासाठी करायची, पुण्य कमवायला? संशयच घ्यायचा तर दर सोडतीला खरा रुपया मागणाऱ्या खेळांवर घ्या. जपानमध्ये २०१२ साली सरकारलाच सांगावं लागलं की चित्रांचा संच पूर्ण करायला लावणारी ‘कम्प्लीट गाचा’ कायद्यात बसत नाही. तो संशय रास्त. पण त्या गावचा राग या गावच्या पक्ष्यावर का?

२०१६ च्या जुलैत ‘पोकेमॉन गो’ आला, भारतात अधिकृतपणे डिसेंबरात जिओबरोबर. तोवर आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या मंडळींनी तो आडमार्गाने फोनवर घातलाच होता. त्यात लाइफ नाही, झोपवणं नाही. पण बोटाने बॉल फेकावा लागतो, आणि इथे खरोखर हाताला किंमत आहे. पोकेमॉनभोवती रंगीत वर्तुळ आकसत जातं. ते लहान असताना त्याच्या आत बॉल पडला तर शक्यता वाढते, बॉल फिरवून वळवला तर आणखी वाढते, बेरी खायला घातली तर त्याहून. वर्तुळाचा रंगच सांगतो, हिरवा म्हणजे सोपा, लाल म्हणजे कठीण. इतकं उघडं खेळ कधीच बोलला नव्हता. आमचे एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत लाल वर्तुळावर साधे, सरळ बॉल फेकत, वर्तुळ मोठं असताना, आणि दर बॉलनंतर म्हणत, “रिग्ड आहे सगळं.” ज्या खेळात बटणाचा काही उपयोग नव्हता तिथे लोकांनी बटणं झिजवली, आणि जिथे हाताचं कसब कामी येतं तिथे हात बांधून नशिबाला शिव्या घातल्या. याला काय म्हणावं?

या खेळाचा कर्ता सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे पकडत हिंडायचा; खेळाची कल्पना तिथूनच आली. किडे पकडणाऱ्या पोराला हे पक्कं माहीत असतं की दगड उचलला की प्रत्येक वेळी काही सापडत नाही. म्हणून ते दगडाला शिव्या देत नाही, आणि मंत्रही म्हणत नाही. ते ओलसर जागेतला दगड शोधतं. निसटण्याची शक्यता हीच या खेळातली चव आहे. ती काढून टाकली तर उरतो मास्टर बॉल, जो एकदाच मिळतो आणि नेमका म्हणूनच कुणी वापरत नाही. माझ्या भाच्याने तो म्यूटूसाठी जपून ठेवलाय. मी माझा अजूनही जपून ठेवलाय, कशासाठी ते विसरले.

म्हणून पुन्हा एकदा, सरळ शब्दांत सांगते. बॉल चीटिंग करत नाही. तो नियमाने वागतो, तो नियम मोजका आहे, माहीत आहे, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी तुमच्या हातात आहेत. उरलेल्या निम्म्या कुणाच्याच हातात नाहीत, बी बटणाच्या तर मुळीच नाहीत. चार टक्क्यांना चार टक्केच म्हणायचं असतं, आणि चार टक्के म्हणजे शंभरातून शहाण्णव वेळा नाही.

संध्याकाळी वीज आली. मी भाच्याला जुनी वही काढायला लावली. सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडला, तीस अल्ट्रा बॉल, तोच पक्षी. वहीत चार रकाने पाडले: कितवा बॉल, झोपलाय का, किती वेळा हलला, बी दाबलं का. ठरलं असं की विषम क्रमांकाला बी दाबायचं, सम क्रमांकाला दोन्ही अंगठे वर. मित्र पंच म्हणून बसला. झोप उडाली की आधी झोपवायचं, मगच पुढचा बॉल, ही माझी अट. दाजीही पेपर सोडून खुर्ची पुढे सरकवून बसले होते. ‘हलला नाही’ असं सतरा वेळा लिहून झालं. एकदा हलला, आठ वेळा. दोनदा, तीन वेळा. तीनदा हलून सुटला, दोन वेळा; एकदा बी दाबून, एकदा न दाबता. तीस बॉल संपले. आम्ही पुन्हा सेव्हपासून सुरू केलं. बाराव्या बॉलला टक् आवाज आला आणि झॅपडॉस आत बसला. सम क्रमांक. दोन्ही अंगठे वर होते.

मी विजयी मुद्रेने पंचाकडे पाहिलं.

“म्हणूनच इतका वेळ लागला,” तो म्हणाला. “बी दाबलं असतं तर पहिल्या बॉललाच आला असता.”